खटक्यावर बोट : आरसी ३९० ला मॅप बदलायचा स्विच

तांबडा_आरसी
शनिवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथं नुसता वाचनमात्र होतो, आज पहिला धागा काढतोय. सांभाळून घ्या.

गाडी केटीएमची आरसी ३९०, २०१६ ची. थ्रॉटलला अजून केबल असलेली. ३१ हजार किलोमीटर झालेत. गेल्या वर्षी पिगीबॅक ईसीयू घातला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कंपनीचा ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा संगणक) तसाच राहतो, त्याच्या आणि इंजेक्टर-कॉइलच्या मध्ये ही पेटी बसते. पेट्रोल कमी-जास्त करते, टायमिंग म्हणजे ठिणगीची वेळ पुढं-मागं घेते. पेटीत दोन मॅप (कुठं किती पेट्रोल आणि कधी ठिणगी याचे तक्ते) राहतात आणि ते बदलायला दोन बारीक वायरी बाहेर काढून दिल्यात. त्या आजवर टेप गुंडाळून सीटखाली पडून होत्या.

बेत असा: मॅप १ म्हणजे १०० ऑक्टेनच्या भारी पेट्रोलचा, वरच्या आरपीएमला टायमिंग दोन-अडीच अंश पुढं. मॅप २ पावसाळी, नरम. डाव्या क्लिप-ऑनवर, म्हणजे हँडलवर, हॉर्नच्या शेजारी बटण. गगनबावड्याकडं निघालो आणि पाऊस लागला की अंगठ्यानं टक्, घाट संपला की परत टक्.

काल दिवा असलेलं रॉकर बटण आणलं, १२० रुपये. मागं तीन पिना. दोन पिनांना मॅपच्या दोन वायरी, तिसरीला पार्किंग लाइटमधून १२ व्होल्ट. दाबलं की तांबडा दिवा लागतो आणि लॅपटॉपवर मॅप १ चा २ होतो. जाळ आणि धूर संगटच!

उद्या रविवार, सोल्डर मारून पक्कं करणार. फक्त दोन गोष्टी विचारायच्यात: फेअरिंगच्या आत वायर कुठून न्यावी, आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरात २२ मिमीच्या नळीला बसेल असं छोटं ब्रॅकेट कोण करून देईल?

मिसळ_विदाउट_पाव
शनिवार, रात्री १०:२०

बटण दाबलं की गाडी आपोआप मिसळीच्या दुकानाकडं वळते का? आपल्याला तेवढा एकच मॅप पाहिजे.

वायरमन_काका
शनिवार, रात्री १०:४१

लेका, सोल्डर तापवू नकोस अजून.

दिव्याच्या बटणात आत काय असतंय ते बघ. दिव्याचं एक टोक तिसऱ्या पिनेला आणि दुसरं टोक आतल्या आत मधल्या पिनेला. मधल्या पिनेला तू मॅपची वायर लावलायस. तिसरीला १२ व्होल्ट. म्हंजे बटण बंद असताना ते १२ व्होल्ट दिव्यातनं उतरून थेट मॅपच्या वायरीवर जाऊन बसत्यात. बटण दाबलास की ती वायर अर्थला जाते, दिवा लागतोय, मॅप बदलतोय, तुला वाटतंय काम झालं. दाबल्यावर सगळं बरोबरच हाय. दाबलेलं नसताना घोटाळा हाय, आणि तू चोवीस तासातलं तेवीस तास न दाबताच चालवणार.

त्या वायरीवर पेटी सोताचं ५ व्होल्ट धरून बसलेली असते. तिला १२ सोसायची सवय न्हाई.

मीटर हाय का? किल्ली चालू कर, बटण बंद ठेव. काळा दांडा बॅटरीच्या निगेटिव्हला, तांबडा मॅपच्या वायरीला. ५ च्या आसपास आलं तर रंकाळ्यावर भेळ माझ्याकडनं.

तांबडा_आरसी
शनिवार, रात्री ११:०५

काका, पार्किंगमध्ये टॉर्च तोंडात धरून बघून आलो.

एका वायरीवर शून्य. दुसरीवर ११.६.

बटण काढून टाकलं आणि परत बघितलं. ४.९.

हात गार पडलेत. पेटी गेली का?

वायरमन_काका
शनिवार, रात्री ११:१२

४.९ दावतंय म्हंजे वाचलीया. दिव्यातनं करंट बेताचाच गेला म्हणून. सरळ तार लावली असतीस तर एवढ्यात नवी पेटी मागवत बसला असतास. भेळ तुझ्याकडं लागली.

आता ऐक. दिवा पाहिजेच असंल तर सहा पिनांचा टॉगल घे, दोन पोलचा. एकाच खटक्यात दोन वेगळी घरं असत्यात. एका घरात मॅपच्या दोन वायरी, दुसऱ्या घरात दिव्याचं १२ व्होल्ट. एकमेकाच्या घरात कुणी जायचं न्हाई.

आणि खरं सांगू का, दांडीचा टॉगल असला की दिव्याची गरजच न्हाई. वर हाय का खाली, ते हातमोज्यातनंबी कळतंय.

सिंगल_सिलिंडर
रविवार, सकाळी ७:३०

काकांनी मोठं संकट टाळलं. आता मी जरा कंटाळवाणं लिहितो, चहा घेऊन बसा.

बटण कितीचं घ्यायचं, हे लोक अँपिअर बघून ठरवतात. १० अँपिअरचं म्हणजे दणकट, असा समज. फॉग लॅम्पसाठी तो बरोबर आहे. मॅपच्या वायरीतून मात्र जेमतेम मिलीअँपिअरभर करंट जातो. जड करंटचं बटण दाबताना संपर्काच्या जागी बारीकशी ठिणगी पडते आणि ती तिथला ऑक्साइडचा थर जाळून टाकते. इथं ठिणगीच नाही. त्यामुळे चांदीच्या संपर्कांवर हळूहळू थर साठतो आणि वर्षभरात दहादा दाबलं तर सातदा लागतं. कमी करंटच्या कामाला सोन्याचा मुलामा असलेल्या संपर्कांचं छोटं बटण घ्या. दुकानात ‘सिग्नलचं’ म्हणून मागा. मागून रबरी टोपी किंवा पाणी न शिरणारं सील हवंच.

दुसरा मुद्दा याहून महत्त्वाचा. वायर तुटली तर गाडी कुठल्या मॅपवर जाईल?

बहुतेक पेट्यांत परिपथ उघडा असेल तर मॅप १, जोडलेला असेल तर मॅप २. पॉवर कमांडर ५ या पिगीबॅक पेटीचंही तसंच आहे: दोन वायरी, कुठली कुठंही लावा, उघडं म्हणजे पहिला, जोडलं म्हणजे दुसरा. आता हँडलपाशी वायर रोज शेकडो वेळा वाकते. ती कधीतरी तुटणार, कपलर कधीतरी सुटणार. त्या क्षणी तुमची गाडी मॅप १ वर येणार. आणि मॅप १ मध्ये तुम्ही काय ठेवलंय? १०० ऑक्टेनचं, टायमिंग पुढं घेतलेलं. टाकीत साधं पेट्रोल, मागं सीटवर कुणीतरी, समोर चढ. नॉकिंग, म्हणजे इंधन आत अवेळी भडकणं, सुरू होईल आणि हेल्मेटमध्ये वाऱ्याच्या आवाजात ते ऐकूही येणार नाही.

मॅपची अदलाबदल करा. सौम्य तो पहिला. जो मॅप चुकून लागला तर इंजिनाला त्रास होईल, तो मुद्दाम बटण दाबल्याशिवाय लागता कामा नये.

तांबडा_आरसी
रविवार, सकाळी ८:०२

हे डोक्यातच आलं नव्हतं. ‘मुख्य’ म्हणून एक नंबरला भारी मॅप टाकला, एवढाच विचार. आत्ता चहा पिता पिता अदलाबदल केली.

गगनबावडेकर
रविवार, सकाळी ९:१५

वायर तुटण्याबद्दल चाललंय म्हणून माझी कहाणी. माझीपण पिगीबॅक होती, गाडी सांगत नाही, सगळे हसतील. स्विच म्हणून फॉग लॅम्पचा साधा टॉगल, रबरी टोपी नाही. आमच्याकडं पाऊस म्हणजे काय ते जिल्ह्याला माहीत आहे, यापेक्षा जास्त पडणारा दुसरा तालुका नाही.

जुलैमध्ये करूळ घाट उतरत होतो, वैभववाडीला जायचं होतं. तिसऱ्या की चौथ्या वळणावर गाडी आपोआप पुढं ओढायला लागली, मग एकदम मरगळली, मग परत ओढली. थ्रॉटल एका जागी, हात हललेला नाही. आधी वाटलं चेन उडी मारतेय. मग वाटलं क्लच. ओल्या वळणात गाडी झुकलेली असताना मागचं चाक मधूनच ढुशी मारतंय, ते काय असतं ते ज्यानं अनुभवलं त्यालाच कळेल. दरीच्या बाजूनं ट्रक येत होता.

कठड्यापाशी थांबलो. स्विचला बोट लावलं तर आतून पाणी ठिबकलं. पाण्यानं पिना जोडल्या जात होत्या, सुटत होत्या, आणि मॅप बिचारा एक-दोन एक-दोन कवायत करत होता. कपलर उपटून खिशात घातला, गाडी मॅप १ वर गप्प झाली. सुदैवानं माझा पहिला मॅप कंपनीसारखाच होता. घरी येऊन स्विच उघडला तर आत पितळेच्या भांड्याला चढतो तसा हिरवागार कळंक.

तेव्हापासून हँडलवर काही नवीन बसवायचं म्हटलं की आधी बादलीत बुडवून बघतो. खोटं नाही सांगत, स्विच जोडून अख्खा पाण्याच्या बादलीत, मीटरच्या बीपवर कान ठेवून.

मिसळ_विदाउट_पाव
रविवार, सकाळी ९:२२

बादली टेस्ट. ह्याला आयएसओ मिळालं पाहिजे.

कागलकरीण
रविवार, सकाळी ११:४०

मी जरा वेगळं बोलतो. पावसाळी मॅप म्हणताय ते नक्की काय करणार आहे?

माझी टीव्हीएसची आरआर ३१०, बीएस-६ वाली. कंपनीचेच चार मोड आहेत. अर्बन आणि रेनला २५.८ पीएस, स्पोर्ट आणि ट्रॅकला ३४ पीएस. फरक पाठीत जाणवतो. पण माझ्या गाडीला थ्रॉटलची केबलच इंजिनापर्यंत जात नाही. मी मूठ पूर्ण पिळलो तरी आतली फुलपाखरी झडप किती उघडायची ते ईसीयू ठरवतो. म्हणून रेन मोड खराखुरा आहे.

दादा, तुझ्या आरसीला केबल. तू पिळलास की झडप तेवढी उघडणारच, पेटी तिला हात लावू शकत नाही. मग नरम करायला तिच्या हातात राहतं काय? पेट्रोल कमी करणं, नाहीतर टायमिंग मागं घेणं. पेट्रोल कमी केलास तर मिश्रण पातळ होऊन इंजिन तापणार. टायमिंग मागं घेतलास तर जळणं उशिरा संपून उष्णता सायलेन्सरकडं जाणार. दोन्हीत गाडी ‘नरम’ होत नाही, आजारी होते.

सिंगल_सिलिंडर
रविवार, दुपारी १२:१०

ताईंनी अगदी नेमकं सांगितलं. टायमिंग थोडं मागं घेऊन खालच्या आरपीएमचा झटका कमी करता येतो, पण त्याला पावसाळी मोड म्हणणं म्हणजे मिसळीत पाणी ओतून तिला सूप म्हणण्यासारखं.

जुना_गिक्सर
रविवार, दुपारी १२:५५

नाव बघून छोट्या गिक्सर १५५ वाला समजू नका. जीएसएक्स-आर १०००, के-७, म्हणजे २००७. त्या वर्षी सुझुकीनं पहिल्यांदा ए, बी, सी असे तीन मोड दिले, उजव्या हाताच्या स्विचवर. ‘ए’ला पूर्ण ताकद, ‘बी’ला मधल्या पट्ट्यात आवरतं, ‘सी’ला सगळीकडं आवरतं.

आणि हिला केबल आहे! मग जमतं कसं? हिच्या थ्रॉटल बॉडीत एकामागं एक दोन झडपा आहेत. एक माझ्या मुठीची, दुसरी ईसीयूच्या मोटरची. मी पहिली उघडली तरी दुसरी अर्धवट मिटलेली ठेवून तो हवाच आडवतो. म्हणजे शेवटी गोष्ट हवेचीच. आरसीत ती दुसरी झडप नाही. कागलच्या ताईंना शंभर पैकी शंभर.

एवढं सगळं असून गेल्या पाच वर्षांत मी ‘सी’ किती वेळा लावला? दोनदा. दोन्ही वेळा मित्राला चालवायला दिली तेव्हा.

वायरमन_काका
रविवार, दुपारी १:३०

आमच्या वेळी पावसाळी मॅप म्हंजे सासऱ्यानं मागं बसणं.

तांबडा_आरसी
रविवार, दुपारी ३:१८

बरं. पावसाळी मॅप रद्द. मान्य. मनगटालाच पावसाळी करतो.

मग आता दोन मॅप असे: पहिला रोजच्या पेट्रोलचा, दुसरा १०० ऑक्टेनचा. याला तर हरकत नाही ना? की हेही मोडीत काढणार?

सिंगल_सिलिंडर
रविवार, संध्याकाळी ५:४४

हरकत नाही, उलट हाच खरा उपयोग. फक्त पहिला मॅप जुना असेल तर परत तपासून घ्या. रोजचं पेट्रोल आता २०१६ चं राहिलेलं नाही.

शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला वजनानं १४.७ पट हवा लागते. इथेनॉलला फक्त ९ पट. वीस टक्के इथेनॉल मिसळलं की आकडा साडेतेरावर येतो. म्हणजे तेवढ्याच हवेला जास्त इंधन सोडायला हवं. सावकाश, स्थिर वेगानं चालवताना कंपनीचा ईसीयू सायलेन्सरमधल्या ऑक्सिजन सेन्सरकडं बघून हे आपोआप भरून काढतो. पण पूर्ण थ्रॉटलला तो सेन्सरचं ऐकत नाही, पाठ केलेले आकडेच सोडतो. ते आकडे जुन्या पेट्रोलचे. त्यावर तुमचा मोकळा एअर फिल्टर. म्हणजे नेमकं जिथं जोर जास्त तिथं मिश्रण पातळ.

मॅप म्हणजे शेवटी एक तक्ता. पॉवर कमांडरचा घेतला तर आडवे दहा रकाने थ्रॉटलचे: ०, २, ५, १०, १५, २०, ४०, ६०, ८०, १०० टक्के, आणि उभ्या ओळी दर २५० आरपीएमला. प्रत्येक घरात इतके टक्के जास्त किंवा कमी. तुमच्या पेटीतही असंच काहीतरी असेल. त्यातले ६० टक्क्यांपुढचे रकाने डायनोवर (गाडी जागेवर पळवून ताकद मोजायचं यंत्र) किंवा निदान वाइडबँड मीटर (सायलेन्सरमधल्या धुरावरून हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा) लावून बघा. एक लक्षात ठेवा: बरेचसे मीटर पडद्यावर पेट्रोलच्या मोजपट्टीतला आकडा दाखवतात. टाकीत काहीही असो, पूर्ण जोराला त्या मोजपट्टीवर १३ च्या आसपास दिसलं की ठीक.

गगनबावडेकर
रविवार, संध्याकाळी ६:०५

म्हणजे आपल्याच उसाची मळी, आपल्याच कारखान्यात गाळून, आपल्याच टाकीत. आणि मॅप बदलायचा खर्चही आपलाच.

मिसळ_विदाउट_पाव
रविवार, संध्याकाळी ६:११

बिल थकलं तर निदान गाडीला तरी ऊस गेला म्हणायचं.

तांबडा_आरसी
रविवार, रात्री ८:५०

प्लग काढून बघितला. सिंगल_सिलिंडर साहेब, तुमचं खरं निघालं. पोर्सेलीन पांढरंफटक, म्हणजे मिश्रण पातळच. गेल्या वर्षी हाच फिकट तपकिरी होता, फोटो आहे माझ्याकडं. आणि मी वर्षभर सगळीकडं सांगत फिरतोय की गाडी काय मोकळी पळतेय!

ब्रॅकेटचं काम मात्र झालं. उद्यमनगरात लेथवाल्या एका मामांनी अॅल्युमिनियमच्या तुकड्यातून दोन अर्ध्या कड्या काढून दिल्या, आतून २२ मिमी, मध्ये रबराची पट्टी, वर टॉगलला १२ मिमीचं भोक. कडा फाइलनं मारल्या, बोट फिरवलं तर लागत नाही. अडीचशे रुपये आणि ‘कशाला करतोस रे असलं’ हे फुकट. म्हादबा मेस्त्रींसारख्या जुन्या कसबी यंत्र-कारागिराच्या गावात लोक अजून नकाशा मागत नाहीत, बोटानं हवेत दाखवलं की पुरतं.

वायरमन_काका
रविवार, रात्री ९:१०

वायर नेताना गाडीच्याच जाड हार्नेसला धरून ने, सोताची नवी वाट काढू नकोस. स्टिअरिंगच्या मानेपाशी बोटभर सैल ठेव. मग हँडल पार डावीकडं, पार उजवीकडं, धा-धा वेळा फिरव आणि दर वेळी मीटरची बीप ऐक. फेअरिंगच्या आत धार आली असंल तिथं सलंग स्लीव्ह घाल, टेप न्हाई. टेप उन्हाळ्यात गूळ होते.

कागलकरीण
रविवार, रात्री ९:३२

एक भाबडा प्रश्न विचारू का?

१०० ऑक्टेन टाकलं की मॅप २, साधं टाकलं की मॅप १. म्हणजे मॅप कधी बदलायचा? पेट्रोल भरल्यावर. पेट्रोल भरताना तू कुठं असतोस? पंपावर, गाडीवरून उतरून उभा. चालत्या गाडीवर अंगठ्यानं बदलायचा संबंध आलाच कुठं?

मग स्विच हँडलवर कशाला?

मिसळ_विदाउट_पाव
रविवार, रात्री ९:३४

शांतता. अडीचशे रुपयांसाठी दोन मिनिटं.

जुना_गिक्सर
रविवार, रात्री ९:५०

हाहा, ताईंनी मुळावरच घाव घातला. केटीएमनं स्वतः ६९० मालिकेत हेच केलं होतं. सीटखाली आकडे असलेली छोटी गोल चकती. सीट काढायची, चकती फिरवायची, सीट लावायची. हलक्या पेट्रोलसाठीही जागा ठेवली होती तिच्यात. लोकांना ते गैरसोयीचं वाटून त्यांनी हँडलवर स्विच आणले, तो भाग वेगळा.

सीटखाली पाणी कमी, वायर हातभर, मानेपाशी वाकणं नाही, आणि सिग्नलला कुणी मित्र गंमत म्हणून दाबून जाणार नाही.

तांबडा_आरसी
रविवार, रात्री १०:१५

ताई, खरं सांगायचं तर हँडलवर दिसायला भारी दिसतं म्हणून.

बाकी कारण सापडेना. बायकोला विचारलं, ती म्हणाली, ‘मी हे दुपारीच म्हणणार होते.’

गगनबावडेकर
रविवार, रात्री १०:२३

तरीपण अर्धी टाकी साधं असताना वर १०० टाकलं तर? आमच्याकडं १०० मिळतच नाही, कोल्हापुरातून भरून निघायचं आणि परतताना मिळेल ते. टाकीत खिचडीच.

सिंगल_सिलिंडर
रविवार, रात्री १०:४०

खिचडी असेल तर मॅप १. शंका असेल तर मॅप १. मॅप २ फक्त टाकी रिझर्व्हला आणून १०० नं भरली असेल तरच. त्यातही पहिले पाच-सात किलोमीटर जपून, पाइपात जुनं उरलेलं असतं. खात्री करायची तर पन्हाळ्याच्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये, चार हजारच्या आसपास, मूठ निम्म्याहून जास्त पिळून कान द्या. पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज आला की मूठ सोडा आणि मॅप १.

पन्हाळ्याच्या उंचीसाठी वेगळा मॅप लागेल का असं कुणी विचारायच्या आत सांगतो: नाही. कंपनीच्या ईसीयूला हवेचा दाब कळतो.

कागलकरीण
रविवार, रात्री १०:५८

हँडलवरच्या स्विचला माझा सरसकट विरोध नाही हां. ट्रॅकवर मी तो वापरलो आहे. कोइमतूरला सकाळी ट्रॅक ओला आणि अकराला कोरडा, तेव्हा पिटमध्ये न येता मोड बदलता आला तर बरं पडतं. पण तिथंसुद्धा मूठ सोडून, सरळ रस्त्यावर. झुकलेल्या गाडीवर कधीच नाही.

नियम_सांगणारा
सोमवार, सकाळी १०:३०

रसभंग करतो, क्षमस्व. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाच्या मूळ तपशिलात बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानंही २०१९ च्या जानेवारीत तेच अधोरेखित केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली मालकाला एका बदलामागं ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. ट्रॅकवर काय हवं ते करा. रस्त्यावर चालवणार असाल तर हे माहीत असू द्या.

तांबडा_आरसी
सोमवार, सकाळी १०:४४

माहिती होती, पण कलमासकट नव्हती. धन्यवाद. सायलेन्सर कंपनीचाच आहे, तो बदलणार नाही. पेटीचं मात्र तुम्ही म्हणता ते खरं आहे, नाकारत नाही.

तांबडा_आरसी
पुढचा रविवार, संध्याकाळी ७:२०

झालं ते सांगतो, म्हणजे धागा अर्धवट राहायला नको.

सिग्नलचा छोटा टॉगल घेतला, सोन्याच्या मुलाम्याचा, मागं रबरी टोपी. दिवा नाही. सीटखाली टूलकिटच्या कप्प्याच्या भिंतीला भोक पाडून बसवला, दांडी पुढं म्हणजे १, मागं म्हणजे २. दांडी चुकून हलू नये म्हणून वर औषधाच्या बाटलीचं झाकण बसतं, अगदी मापात. वायर एकूण तीस सेंटिमीटर. सोल्डर, वर स्लीव्ह, हार्नेसला दोन टाय.

बादली टेस्ट केली. बायको गॅलरीतून बघत होती. बीप चुकली नाही.

मीटरनं उघडं असताना ४.९, जोडल्यावर शून्य. ११.६ कुठंच नाही.

पहिल्या मॅपचे वरचे रकाने पुण्याला डायनोवर ठीक करून घेतले, सात-आठ घरांत चार ते सहा टक्के पेट्रोल वाढलं. दोनशे किलोमीटरनंतर प्लग काढला: कडेला फिकट बिस्किटी रंग यायला लागलाय. गाडी आधीइतकी ‘मोकळी’ वाटत नाही, पण बांबवड्याच्या पुढं चौथ्या गिअरमध्ये जो हलकासा कंप यायचा आणि मी टायरवर ढकलायचो, तो गेला. दुसरा मॅप अजून लावलेला नाही. १०० ची टाकी एकदा भरून पन्हाळ्याला जाईन तेव्हा लिहितो.

काका, भेळ कधी?

वायरमन_काका
पुढचा रविवार, संध्याकाळी ७:४१

बुधवारी. शालिनी पॅलेसच्या बाजूला. औषधाचं झाकण घेऊन ये, बघायचंय.

गगनबावडेकर
पुढचा रविवार, रात्री ८:०३

ते अॅल्युमिनियमचं ब्रॅकेट पडून आहे का मग? मला फॉग लॅम्पच्या स्विचला पाहिजे. आतून २२ च ना?

तांबडा_आरसी
पुढचा रविवार, रात्री ८:०९

२२ च, रबर धरून. स्विचचं भोक १२ चं आहे, मोठं करून घ्यावं लागेल. बुधवारी भेळेला या, देऊन टाकतो. पैसे नकोत, मामांचं ‘कशाला करतोस रे असलं’ तेवढं सोबत घेऊन जा.